नामिबियाचा बेत आखताना उजेडाचे तास मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नामिबियावरचे लेख आणि छायाचित्रे हल्ली पर्यटन पुरवण्यांमधून वरचेवर पाहायला मिळतात. तांबड्या वाळूच्या टेकड्या, डेडव्हलेमधली वाळून काळी पडलेली झाडे, इटोशा राष्ट्रीय उद्यानातल्या पाणवठ्यावरचे हत्ती. हे सगळे खरेच आहे. पण ते वाचून राजधानी विंडहुकला भाड्याची फोर बाय फोर (चारही चाकांना जोर असलेली गाडी) घ्यायची आणि स्वतः चालवत देश पाहायचा असे ठरवणाऱ्या कुटुंबाला जी माहिती लागते, ती त्यात सहसा नसते. रस्ता कसला आहे, चाकात हवा किती ठेवायची, अंधार किती वाजता पडतो, विमा कुठे हात वर करतो, हे कुणी सांगत नाही. यातली एखादी गोष्ट चुकली तर नुसती सहल बिघडत नाही, जीव जातो. म्हणून हे सविस्तर पत्र.

देश सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पटींहून मोठा. वस्ती मात्र जेमतेम ३० लाखांची. नकाशावर ठळक दिसणारे गाव कधीकधी एक पेट्रोल पंप, एक दुकान आणि चार घरे एवढेच असते. वाहतूक डावीकडून, त्यामुळे तेवढी सवय आपल्याला असते. रस्त्यांच्या नावातच त्यांची जात कळते: ‘बी’ म्हणजे डांबरी, ‘सी’ म्हणजे थोडे डांबरी पण बहुतेक खडीचे, ‘डी’ म्हणजे खडी, माती आणि मधूनच कोरड्या ओढ्याची वाळू.

बेत आखणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. फोनवरचा नकाशा खडीच्या रस्त्यावरही फार वेग धरून वेळ काढतो. कायदेशीर मर्यादा ताशी १०० किलोमीटर असली तरी खडीवर ८० च्या वर जाऊ नये, आणि थांबे, उतार, वळणे धरून दिवसाची सरासरी ६०-६५ च्या पुढे सरकत नाही. तांबड्या टेकड्यांच्या वेशीवरचे सेसरीम ते समुद्रकाठचे स्वाकोपमुंड हे सुमारे ३५० किलोमीटरचे अंतर नकाशा चार तासांत उरकतो. सॉलिटेअरला डिझेल, गौब आणि कुइसेबच्या खिंडी, मकरवृत्ताच्या पाटीपाशी पाच मिनिटे एवढे धरले, तर प्रत्यक्षात सहा ते सात तास लागतात.

दुसरा हिशेब उजेडाचा. जून-जुलैत तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाला मावळतो. त्यानंतर संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. शहराबाहेर रात्री गाडी चालवायची नाही, हा नियम काटेकोर पाळावा. कुडू हे मोठे हरीण संध्याकाळी रस्त्याच्या कडेला येते आणि दिव्यांच्या झोतात बिचकून थेट गाडीपुढे उडी मारते. पाय लांब असल्याने धडक बसली की दोन-अडीचशे किलोचे धड बॉनेटवरून काचेतून आत येते. रानडुकरे, गाढवे, गुरेही रस्त्यावर असतातच. अनेक भाडे-करारांत सूर्यास्तानंतर झालेल्या अपघाताची भरपाईच मिळत नाही. म्हणून मुक्कामाला दुपारी चारपर्यंत पोहोचता येईल असाच टप्पा ठरवावा. खडीवर दिवसाला ३०० ते ३५० किलोमीटर, त्याहून जास्त नाही, आणि असे लांब टप्पे लागोपाठ दोन दिवस नकोत.

या हिशेबाने दोन आठवड्यांत उत्तरेकडचा फेरा नीट होतो. विंडहुकला उतरल्या दिवशी मुक्काम. रात्रभर विमानात बसून आल्यावर लगेच खडीवर निघू नये. मग सेसरीम दोन किंवा तीन रात्री, स्वाकोपमुंड दोन, स्पिट्झकोप एक, ट्वायफेलफोंटेनच्या परिसरात दोन, इटोशात चार, आणि परतताना वॉटरबर्गजवळ एक. दक्षिणेतली फिश रिव्हर कॅन्यन, ल्युडेरिट्झ आणि कोलमान्सकोप ही ठिकाणे याच दोन आठवड्यांत कोंबू नयेत. विंडहुकहून त्या वाटेवरचे कीटमान्सहूप गावच सुमारे ५०० किलोमीटर आहे. दक्षिणेला वेगळे सात-आठ दिवस द्यावेत, नाहीतर ती दुसऱ्या खेपेसाठी राखावी.

हंगामाचेही तसेच. मे ते ऑक्टोबर कोरडा काळ. मे महिन्यात हवा सुखद असते, पण पावसानंतरचे गवत उंच आणि पाणी जागोजागी, त्यामुळे प्राणी पांगलेले असतात. जुलैनंतर उघड्यावरचे पाणी आटत जाते आणि कळप पाणवठ्यांवर येऊ लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्राणी सर्वांत जास्त दिसतात, पण दुपारी उन्हाचा कहर असतो. जून-जुलैत वाळवंटातली रात्र गोठणबिंदूच्या आसपास जाते. छतावरच्या तंबूत झोपायचे असेल तर पातळ ब्लँकेटने भागत नाही. जानेवारी ते मार्च पावसाचा काळ. तेव्हा कोरड्या नद्या अचानक वाहू लागतात आणि ‘डी’ रस्ते तुटतात. तळ दिसत नसेल अशा वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. बहुतेक वेळा काही तासांत पाणी उतरते. तोवर काठावर थांबावे.

आता खडीचा रस्ता. परदेशी पाहुण्यांचे गंभीर अपघात प्रामुख्याने इथेच होतात, आणि तेही समोरून कुणी आलेले नसताना, गाडी आपसूक उलटून. हे कसे घडते ते समजून घेतले पाहिजे. चाकांच्या उड्यांमुळे रस्त्याला पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडतात. ४० च्या वेगाने त्यांवरून जाताना दात वाजतात. वेग ८०-९० वर नेला की खडखड एकदम थांबते आणि चालकाला वाटते, जमले! प्रत्यक्षात चाके वळ्यांच्या माथ्यावरून उडत चाललेली असतात, रस्त्याला धड टेकतच नाहीत. अशा वेळी वळण किंवा ओढ्याचा उतार येतो, चालक ब्रेक दाबतो, गाडी कडेच्या सुट्या खडीत ओढली जाते. तो घाबरून स्टिअरिंग झटक्यात फिरवतो, मागचा भाग एका बाजूला जातो, मग दुसऱ्या. छतावर दोन तंबू आणि मागे सामान असलेल्या उंच गाडीला उलटायला एवढे पुरते.

उपाय साधे आहेत. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नाही. ब्रेकपेक्षा गिअर उतरवून वेग कमी करावा. गाडी घसरू लागली तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, स्टिअरिंग घट्ट न आवळता जिकडे जायचे तिकडे हलकेच धरावे, आणि ब्रेकला हात लावल्यासारखा पाय लावावा, जोर देऊ नये. आधीच्या चाकांनी पाडलेली चाकोरी सोडू नये. रस्ता सपाट करणारा ग्रेडर फिरून गेला असेल तर रस्त्याच्या मध्यावर खडीचा बांध उभा असतो. तो ओलांडायचाच असेल तर वेग ३० पर्यंत आणून ओलांडावा. समोरून गाडी दिसली की वेग कमी करून डावी धरावी, त्याने दोघांच्याही काचा वाचतात. पुढच्या गाडीच्या फुफाट्यात शिरून तिला मागे टाकायचा मोह अजिबात धरू नये. आपले दिवे दिवसाही चालू ठेवावेत. ज्या गाड्यांत फोर व्हील हाताने लावावी लागते, त्यांत सुट्या खडीवर ‘फोर एच’ लावल्याने पकड सुधारते. डांबर लागताच ती काढावी, नाहीतर दातेचाकांवर ताण येतो.

हवेचा दाब हा या सगळ्याचा पाया. सामानाने भरलेल्या डबल कॅब पिकअपसाठी डांबरावर साधारण ३२ ते ३५ पीएसआय, खडीवर २६ च्या आसपास, खोल वाळूत १५ ते १७. भाड्याने देणारा त्याच्या टायरला साजेसा आकडा सांगतो. तो लिहून घ्यावा आणि तोच पाळावा. जास्त हवेने चाक टणक होऊन टोकदार दगडावर फुटते आणि गाडी उडते. हवा कमी ठेवून वेगाने गेले तर टायरची बाजू सतत दुमडून तापते आणि फाटते. बाजू फाटलेला टायर पंक्चरच्या दोरीने दुरुस्त होत नाही. म्हणून दोन स्टेपन्या लागतातच, आणि एक वापरली की पुढच्या गावात आधी तिचे काम करून घ्यावे.

चाक बदलण्याचा सराव गाडी ताब्यात घेतानाच, त्याच आवारात करावा. बहुतेक पिकअपमध्ये एक स्टेपनी मागच्या हौद्याखाली साखळीला लटकवलेली असते आणि ती उतरवायला लांब सळ्या लागतात. त्या सळ्या कुठे ठेवल्या आहेत हे शोधण्यात भर उन्हात अर्धा तास जातो. पंक्चर झाले की चढाच्या माथ्यावर किंवा वळणात न थांबता, दोन्हीकडून दिसेल अशा सरळ पट्ट्यात हळूहळू यावे. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, तिरक्या बाजूच्या चाकाला पुढे-मागे दगड लावावेत. स्टेपनी आधी खाली काढावी. गाडी जॅकवर चढल्यावर खाली वाकून ती ओढणे धोक्याचे. चाक जमिनीला टेकलेले असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत. जॅकखाली फळी हवीच, नाहीतर तो मातीत रुततो किंवा उंचीला कमी पडतो. काढलेले चाक गाडीच्या सांगाड्याखाली सरकवून ठेवावे. जॅक निसटला तर गाडी त्याच्यावर बसते, माणसावर नाही. नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत, आणि ५० किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळावेत. ही शेवटची पायरी लोक विसरतात आणि चाक वाटेत सैल होते.

गाडी घेताना दीड तास राखून ठेवावा. जॅक, पाना, फळी, कॉम्प्रेसर, दाबमापक, फावडे, ओढायचा पट्टा, हे सगळे हातात घेऊन पाहावे. कॉम्प्रेसर बॅटरीला जोडून चालवून बघावा. दोन्ही स्टेपन्यांची हवा मोजावी, सगळ्या टायरच्या बाजू हात फिरवून तपासाव्यात. काचेवरचा लहानसा टवकाही फोटोत आणि कागदावर नोंदवून घ्यावा. फ्रिज दुसऱ्या बॅटरीवर चालतो का, तंबूची शिडी आणि चेन नीट आहे का, गॅसची टाकी भरलेली आहे का, हेही बघावे.

विम्याचा कागद वाचण्यात आळस करू नये. ‘पूर्ण विमा’ म्हटले तरी टायर, काच, गाडीचा तळ, पाणी आणि वाळूने झालेले नुकसान, दुसऱ्या वाहनाचा संबंध नसताना गाडी उलटणे, या गोष्टी पुष्कळदा वगळलेल्या असतात किंवा त्यासाठी वेगळे पैसे पडतात. अनेक गाड्यांत वेग नोंदवणारे यंत्र असते; खडीवर ८० ची अट मोडली असेल तर दावा तिथेच संपतो. अनामत रक्कम चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडकवतात, म्हणून कार्डाची परदेशी व्यवहाराची मर्यादा निघण्यापूर्वी वाढवून घ्यावी. चालवणाऱ्या प्रत्येकाचे नाव करारात हवे. मूळ परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही जवळ ठेवावेत. गावांच्या वेशीवर पोलीस नाके असतात आणि तिथे ‘स्टॉप’ पाटीपाशी चाक पूर्ण थांबले पाहिजे.

डेडव्हले ज्या तांबड्या टेकड्यांत आहे, त्या सोसुसव्हलेचे गणित वेगळेच आहे आणि ते न कळल्याने अनेकांची सकाळ वाया जाते. सेसरीमला दोन फाटके आहेत. बाहेरचे सूर्योदयाला उघडते. आतल्या मुक्कामाला असणाऱ्यांसाठी आतले फाटक सूर्योदयाच्या तासभर आधी उघडते. तिथून पुढे ६० किलोमीटर डांबरी रस्ता, वेगमर्यादा ६०; म्हणजे तास तिथेच गेला. बाहेर राहणारा माणूस डेडव्हलेला पोहोचतो तेव्हा सूर्य चांगला वर आलेला असतो आणि टेकड्यांच्या सावल्या आखडलेल्या असतात. त्यामुळे आतल्या कॅम्पात किंवा आतल्या लॉजवर दोन रात्री मिळत असतील, तर त्यांभोवती बाकीची सहल बसवावी. जुलै ते ऑक्टोबरसाठी ही जागा आठ-दहा महिने आधी धरावी लागते, इटोशाच्या आतल्या कॅम्पांसारखीच.

डांबर संपते तिथे साध्या गाड्यांचा तळ आहे. पुढचे पाच किलोमीटर खोल वाळू. स्वतःवर भरवसा नसेल तर तिथून मिळणारी शटल घ्यावी, त्यात कमीपणा नाही. जायचे असेल तर तळावर थांबून हवा १५-१७ पीएसआयवर आणावी. टायर पसरतो, जमिनीला लांब टेकतो आणि गाडी वाळूवर तरंगते, म्हणून ही पायरी टाळून चालत नाही. फोर व्हील लावून, एका संथ वेगाने, मध्ये न थांबता जावे. रुतली तर चाक फिरवत राहू नये. प्रत्येक फेऱ्यागणिक गाडी आणखी खाली बसते. उतरावे, चारही चाकांपुढची आणि मागची वाळू हाताने काढावी, हवा १२ पर्यंत उतरवावी आणि आपल्याच चाकोरीतून मागे यावे. इतक्या कमी हवेवर एकदम वळू नये, टायर रिममधून निघतो. डांबरावर परतताच पुन्हा हवा भरावी. पार्किंगपासून डेडव्हले एक किलोमीटरभर चालत आहे, सावली कुठेही नाही. माणशी दोन लिटर पाणी बरोबर असावे. तिथली झाडे शेकडो वर्षांपूर्वी मेलेली आहेत आणि हवा इतकी कोरडी की ती कुजतही नाहीत. त्यांना टेकू नये, फांदीला हात लावू नये.

याच कारणाने रस्ता सोडून मोकळ्या माळावर गाडी घालू नये, ही कळकळीची विनंती. स्वाकोपमुंडमागची सपाटी ओसाड वाटते, पण तिच्यावर दगडफुलाचे थर आणि शेकडो वर्षे जगणाऱ्या वेल्विचिया नावाच्या वनस्पती आहेत. एका गाडीच्या चाकांचा माग तिथे अनेक दशके बुजत नाही. दामारालँडमध्ये, म्हणजे ट्वायफेलफोंटेनच्या भागात, कोरड्या नदीपात्रात तंबू ठोकू नये. हत्तींची वाट तीच असते, आणि वरच्या भागात पाऊस झाला तर पाण्याचीही. वन्यजीव कायद्यात १९९६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तिथल्या गावांनी स्वतःच्या सामुदायिक संरक्षित क्षेत्रांची उभारणी केली आहे. त्यांच्या कॅम्पात राहावे, स्थानिक वाटाड्या घ्यावा. ट्वायफेलफोंटेनची दोन हजारांहून अधिक प्राचीन शिळाचित्रे वाटाड्याशिवाय पाहताच येत नाहीत, आणि त्याच्याशिवाय ती कळतही नाहीत.

इटोशात चार रात्री कमी वाटतील, जास्त नाहीत. आतल्या कॅम्पांपैकी ओकाउकुएयोला दोन, हलाली किंवा नामुतोनीला दोन. ओकाउकुएयो ते नामुतोनी सुमारे १४० किलोमीटर आहे, मर्यादा ६०, पण प्राणी दिसायचे तर ३०-४० नेच जावे. फाटके आणि कॅम्पची दारे सूर्यास्ताला बंद होतात, वेळा तिथे लिहिलेल्या असतात. कॅम्प आणि कुंपणातली स्वच्छतागृहे सोडून कुठेही गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. भटकण्यापेक्षा रिएटफोंटेन किंवा चुडोपसारख्या एका पाणवठ्यापाशी इंजिन बंद करून दोन तास बसावे. ओकाउकुएयोचा पाणवठा रात्री दिव्यांनी उजळलेला असतो. कठड्यामागे शांत बसले की आधी दगडावर खूर घासल्याचा आवाज येतो, मग अंधारातून काळा गेंडा पुढे होतो, पाण्याच्या काठाशी थांबून श्वास सोडतो, तो फुरफुराट स्पष्ट ऐकू येतो. तिथे मोठ्याने बोलणे, फ्लॅश मारणे हा त्या जनावराचा आणि शेजाऱ्याचाही अपमान आहे.

डिझेलचा नियम: टाकी अर्धी झाली आणि पंप दिसला की भरायची. पंपावरचे डिझेल संपलेले असू शकते, कार्डाचे यंत्र बंद असू शकते, म्हणून रोकड हवी. भरलेली गाडी खडीवर शंभर किलोमीटरला ११ ते १३ लिटर पिते, वाळूत त्याहून जास्त. पाणी माणशी रोज पाच लिटर, शिवाय वीस लिटरचा एक कॅन राखीव, त्याला हात लावायचा नाही. एमटीसी या तिथल्या फोन कंपनीचे सिमकार्ड विमानतळावरच घ्यावे, नकाशे आधीच उतरवून ठेवावेत. गावाबाहेर रेंज जाते. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबावे, चालत निघू नये. कच्चे मांस उत्तरेकडून दक्षिणेला येताना पशुवैद्यकीय नाक्यावर काढून घेतात. शहरात गाडी कुलूपबंद केल्यावर दार हाताने ओढून पाहावे. रिमोटचा संकेत अडवून चोऱ्या होतात.

इटोशा आणि उत्तर भागात, विशेषतः पावसाळ्यात, मलेरिया असतो. गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. पीतज्वर असलेल्या देशातून येणाऱ्यांना, किंवा अशा देशातल्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबणाऱ्यांना, लशीचा दाखला लागतो आणि तो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. प्रवास विम्यात हवाई रुग्णवाहिका हवीच. विजेची सॉकेटे तीन गोल जाड पिनांची, आपल्या १५ अँपिअरच्या पिनेची आहेत.

नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकाच भावाने चालतात, पण नामिबियन नोटा देशाबाहेर बदलून मिळणे कठीण. उरलेल्या नोटा शेवटच्या डिझेलला खर्चाव्यात. विमानतळ शहरापासून चाळीसहून अधिक किलोमीटर बाहेर आहे, आणि गाडी परत करताना तपासणीला तासभर लागतो. त्यामुळे दुपारच्या विमानासाठी आदली रात्र विंडहुकमध्येच काढावी. इटोशाहून त्याच सकाळी निघू नये.

आपले,
नामिबियात गाडी चालवलेले काही वाचक